टॉवर सोपा, समुद्र अवघड: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या माझ्या लेखात मॉरिशसबद्दल जेमतेम चार ओळी होत्या. मोबाईल नेटवर्कच्या कामासाठी मी काही वर्षं त्या बेटावर राहिले आणि तिथे १९८९ पासून मोबाईल आहे, एवढंच लिहिलं होतं. पण आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं त्या चार ओळींवरच होती. म्हणून यावेळचं सदर मी मॉरिशसला दिलं आहे. माझं काम रेडिओ प्लॅनिंगचं होतं. टॉवर कुठे उभा करायचा, अँटेना किती उंचीवर बसवायचा, कुठल्या दिशेला किती झुकवायचा, हे ठरवणं. उत्तरं त्याच बाजूने येतील.

ताई, भारतात पहिला मोबाईल कॉल १९९५ साली झाला असं आम्हाला शिकवलं. मग एवढ्याशा मॉरिशसला तो आपल्या आधी सहा वर्षं कसा मिळाला? (बारावीतली एक वाचक)

तू म्हणतेस ती दोन्ही सालं बरोबर आहेत. मॉरिशसमध्ये एमटेल या कंपनीने १९८९ मध्ये सेल्युलर सेवा सुरू केली आणि दक्षिण गोलार्धातली ती पहिली, असं तिथे अभिमानाने सांगितलं जातं. राजधानी पोर्ट लुईचं करीमजी जीवनजी हे जुनं व्यापारी घराणं आणि मिलिकॉम ही परदेशी कंपनी, अशी ती भागीदारी होती.

आधी कसा मिळाला, याचं उत्तर तुझ्या प्रश्नातल्या ‘एवढ्याशा’मध्येच आहे. मुख्य बेट साधारण पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद. त्यातही वस्ती दाट कुठे, तर पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बोर्न, वाकोआ करत क्युरपीपपर्यंत वर चढत जाणाऱ्या पट्ट्यात. तेवढा पट्टा झाकायला मोजके टॉवर पुरतात. आपल्याकडे त्यासाठी आधी देशाची सर्कल, म्हणजे परवान्याचे विभाग, पाडावी लागली, प्रत्येक सर्कलच्या निविदा, प्रत्येकाचे वाद. तिथे एक परवाना दिला की अख्खा देश आला.

पण १९८९ चा तो फोन सामान्य माणसाचा नव्हता, हेही लक्षात ठेव. तंत्रज्ञान ॲनालॉग, फोन जड आणि महाग. साखर कारखान्यांचे, हॉटेलांचे, बँकांचे वरिष्ठ लोक तो वापरत. शिवाय ॲनालॉग बोलणं साध्या रेडिओ स्कॅनरवर कुणालाही ऐकता येत असे. मला विचारशील तर मॉरिशसच्या मोबाईलचं खरं साल १९९६. त्या वर्षी मॉरिशस टेलिकॉमची सेलप्लस ही कंपनी जीएसएम हे डिजिटल तंत्रज्ञान घेऊन उतरली. स्पर्धा आल्यावर एमटेललाही जीएसएमवर यावं लागलं, दर उतरले, प्रीपेड कार्डं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली. मासळी विकणारा आणि उसाच्या शेतात काम करणारी बाई, दोघांच्या हातात फोन आला तो त्यानंतर. देशात पहिला फोन कधी वाजला त्यापेक्षा शेवटच्या माणसाकडे तो कधी पोचला, हे साल मला महत्त्वाचं वाटतं. ते साल पुस्तकात सहसा छापलेलं नसतं.

मॉरिशसने आफ्रिकेत ३जी सर्वांत आधी आणलं, हे खरं का? (एक वाचक, मिरज)

खरं आहे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये, एमटेलनेच. आपल्याकडे ३जी यायला २००८ चा डिसेंबर उजाडला. ४जी तिथे २०१२ मध्ये आलं, ५जी २०२१ नंतर. प्रत्येक पिढी वेळेवर किंवा वेळेआधी आली.

बेट छोटं म्हणजे रेडिओ इंजिनिअरचं काम सोपं, असं म्हणता येईल का? आमचा मुलगा याच क्षेत्रात जायचं म्हणतो, म्हणून विचारतो. (एक पालक, नाशिक)

नकाशा पाहून मलाही काम आटोपशीर वाटलं होतं. पण मॉरिशस सपाट नाही. ते ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. पोर्ट लुईच्या मागे ल पूस आणि पीटर बॉथ ही शिखरं आठशे मीटरच्या वर सरळ उठतात, नैऋत्येला ८२८ मीटरचं सर्वांत उंच शिखर आहे. डोंगराच्या अलीकडे फोनवर पाच दांड्या आणि वळण घेतलं की शून्य, असं शामारेलकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर हमखास व्हायचं. मोबाईलच्या लहरी डोंगर ओलांडून वळत नाहीत. पलीकडच्या उतारावर वस्ती कितीही थोडी असो, तिच्यासाठी वेगळा टॉवर लागतोच.

मग ऊस. आम्ही गाडीत फोन आणि लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती सिग्नल मोजत फिरायचो, त्याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. उसाच्या दोन भिंतींमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर मोजणी ऋतूप्रमाणे बदलायची. ऊस पुरुषभर उंच झाला आणि वर पाऊस पडला की ती ओली पानं सिग्नल खातात. जून ते डिसेंबरच्या तोडणीत तेच रान मोकळं झालं की त्याच ठिकाणी आकडे सुधारायचे. त्यामुळे तोडणीनंतरच्या मोजणीवर समाधान मानायचं नाही, असा आमच्या टीमचा नियम होता.

किनाऱ्यावर आणखी वेगळी लढाई. खारं वारं बोल्ट खातं, केबलचे जोड खातं. टॉवरवर अँटेनाच्या मागे केबल जिथे आवळलेली असते, त्या जोडावर रबरी टेपचे थर एकावर एक ओढून गुंडाळायचे असतात, आणि खालून वर गुंडाळत जायचं असतं, म्हणजे कौलांसारखा वरचा थर खालच्यावर चढतो आणि पाणी बाहेरच्या बाहेर निथळतं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक थराची कड पाण्याला आत घेते. कोरड्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या दमदार पावसानंतर मात्र त्या बाजूची रेंज घसरू लागते आणि कारण सापडेपर्यंत लोक तक्रारी करून थकतात. तुमच्या मुलाला सांगा, या क्षेत्रात संगणकावरचं प्लॅनिंग जितकं लागतं, तितकाच टॉवरवर चढलेल्या माणसाचा हात लागतो. त्या हाताला पगार कमी आणि धोका जास्त असतो. ते त्याने कधी विसरू नये.

आणि वादळ. १९९४ चं होलांडा, २००२ चं दिना, २०२४ च्या जानेवारीत पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली घालणारं बेलाल. तिथे वादळाच्या इशाऱ्यांचे चार वर्ग असतात. ताशी १२० किलोमीटरच्या झोतांची नोंद झाली आणि ते चालूच राहणार असं दिसलं की चौथा वर्ग जाहीर होतो. टॉवर सहसा पडत नाहीत. त्या वाऱ्यासाठीच ते बांधलेले असतात. बिघडतं ते दोन गोष्टींनी. वीज जाते आणि बॅटऱ्या काही तासांत उतरतात, हे एक. दुसरं म्हणजे एका टॉवरवरून दुसऱ्याकडे बघणाऱ्या मायक्रोवेव्हच्या डिश किंचित फिरतात. डिशचा झोत एखाद-दोन अंशांइतकाच रुंद असतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारी हालचालही जोडणी तोडायला पुरते. टॉवर जागेवर, दिवा चालू, आणि गावात मात्र फोन मुका. इशारा उठेपर्यंत कुणी बाहेर पडू शकत नाही. नंतर चढायचं, समोरच्या टॉवरवरच्या सहकाऱ्याशी बोलत बोलत नट सैल करायचा, डिश केसभर हलवायची, मीटर बघायचा, पुन्हा हलवायची. वाऱ्याचा जोर पुरता ओसरलेला नसताना हे करणारी माणसं मी पाहिली आहेत. माझा त्यांच्याबद्दलचा आदर कधी कमी होणार नाही.

महाशिवरात्रीला गंगा तलावावर फोन लागत नाही, असं माझी मॉरिशसची मैत्रीण म्हणते. रेंज तर पूर्ण दिसते म्हणे. हे कसं? (एक वाचक, ठाणे)

गंगा तलाव, म्हणजे ग्रां बासँ, हे डोंगरमाथ्यावरचं एक जुनं ज्वालामुखीचं मुख आहे, आता पाण्याने भरलेलं. वर्षभर तिथे थोडे पर्यटक, थोडे भाविक, माकडं आणि धुकं. महाशिवरात्रीच्या दिवसांत मात्र बेटाच्या सगळ्या बाजूंनी लाखो माणसं पांढरी वस्त्रं नेसून, खांद्यावर कावड घेऊन चालत येतात. सगळ्या देशाची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास आहे, त्यात ही गर्दी. सगळ्यांना एकाच वेळी घरी फोन करायचा असतो, फोटो पाठवायचे असतात.

रेंज आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी. रेंज म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो का. क्षमता म्हणजे तो एका वेळी किती जणांचं ऐकू शकतो. तुमच्या मैत्रिणीच्या फोनला टॉवर स्वच्छ ऐकू येत असतो, म्हणून दांड्या पूर्ण. पण तिच्या फोनची हाक पुढच्या हजारो हाकांमध्ये हरवते. यासाठी कंपन्या त्या दिवसांत तलावाच्या परिसरात तात्पुरती वाढीव व्यवस्था करतात. तरी मध्यरात्रीच्या सुमाराला ओढाताण होतेच. अशा वेळी कॉलचा हट्ट न धरता दोन शब्दांचा एसएमएस करावा, तो कमी जागा घेतो आणि फट सापडली की जातो.

महानगर टेलिफोन निगम मॉरिशसमध्येही आहे हे वाचून आश्चर्य वाटलं. मी निगममध्येच नोकरी केली. तिथे नेमकं काय काम झालं? (एक निवृत्त कर्मचारी, दादर)

दादा, तुमच्या निगमची ती उपकंपनी, महानगर टेलिफोन मॉरिशस लिमिटेड, २००३ मध्ये स्थापन झाली. त्याआधी २००१ च्या कायद्याने तिथे आयसीटीए हे नियामक प्राधिकरण आलं होतं आणि २००३ पासून दूरसंचार क्षेत्र स्पर्धेला खुलं झालं. त्या उघडलेल्या दारातून निगम आत गेली. सुरुवात सीडीएमएने, म्हणजे जीएसएमहून वेगळ्या मोबाईल तंत्रज्ञानाने, आणि परदेशी कॉलने झाली, पुढे ३जी आलं, ‘चिली’ या नावाने.

मोठ्या दोघांच्या तुलनेत ती कायम लहानच राहिली. पण दोघांच्या बाजारात तिसरा आला की काय होतं हे मी जवळून पाहिलं आहे. परदेशी कॉलचा दर हा तिथल्या घराघरात जिव्हाळ्याचा विषय. कुणाचा मुलगा लंडनला, कुणाची बहीण फ्रान्समध्ये. तिसऱ्याने दर खाली आणला की उरलेल्यांना आणावाच लागतो. ग्राहक तुमच्याकडे आले नाहीत तरी फायदा त्यांना झालाच. या कामाचा हिशेब ताळेबंदात दिसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मॉरिशसचंच दुसरं बेट रॉड्रिग्ज. तिथे इंटरनेट बरीच वर्षं कासवासारखं होतं असं मी वाचलं. मुख्य बेटावर उंच टॉवर उभारून तिकडे सिग्नल पाठवता आला नसता का? (भूगोलाचे एक शिक्षक, सांगली)

सर, या प्रश्नासाठी मी सर्वांत जास्त जागा राखून ठेवली आहे.

आधी तुमचा टॉवर. रॉड्रिग्ज मुख्य बेटापासून पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर आहे. पृथ्वी गोल आहे आणि मोबाईलच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. समजा मॉरिशसच्या सर्वांत उंच, ८२८ मीटरच्या शिखरावर अँटेना लावला. लहरी हवेत थोड्या वाकतात, तो फायदा धरूनही त्याचं क्षितिज सुमारे १२० किलोमीटरवर संपतं. रॉड्रिग्जवरचा मों लिमों हा डोंगर चारशे मीटरच्या आत-बाहेर, त्याचं क्षितिज ८० किलोमीटरच्या आसपास. दोन्ही मिळून २०० किलोमीटर. मध्ये साडेतीनशे किलोमीटर समुद्राचा फुगवटा उरतो. शिवाय जीएसएमला स्वतःची मर्यादा आहे. फोनकडून निघालेली लहर ठरलेल्या क्षणी टॉवरवर पोचावी लागते, आणि नेहमीच्या रचनेत ती वेळ ३५ किलोमीटरपलीकडे जुळत नाही. त्यामुळे नजरेच्या टप्प्यात असलेला फोनसुद्धा चाळीस किलोमीटरवर निरुपयोगी ठरतो.

तेव्हा रॉड्रिग्जवर रॉड्रिग्जचे टॉवर लागतात, आणि ते होते. पोर्ट मॅथुरिन या तिथल्या मुख्य गावात फोन व्यवस्थित लागायचे. अडचण पुढची. त्या टॉवरवर गोळा झालेलं बोलणं आणि डेटा उरलेल्या जगाकडे न्यायचा कसा? कित्येक वर्षं उत्तर एकच होतं, उपग्रह. ३६ हजार किलोमीटर वर जायचं, तितकंच खाली यायचं. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, तरी एका फेरीला पाव सेकंद. तुम्ही ‘कशी आहेस’ विचारलंत आणि समोरून लगेच उत्तर आलं, तरी तुमच्या कानाला अर्धा सेकंद शांतता ऐकू येते. आई-मुलाच्या बोलण्यात तो अर्धा सेकंद फार लागतो. दोघं एकदमच बोलू लागतात, दोघं एकदमच थांबतात. पण विलंबापेक्षा वाईट होती ती रुंदी. उपग्रहावरची जागा महाग, म्हणून थोडी घ्यायची, आणि चाळीस हजारांवर वस्तीने ती वाटून घ्यायची. बेटावर ३जीचा टॉवर असला तरी मागची वाट बोळाएवढी होती.

मुख्य बेटाची गोष्ट तोवर कुठल्या कुठे गेली होती. २००२ मध्ये सेफ ही समुद्राखालची केबल आली. दक्षिण आफ्रिकेहून निघून रियुनियन, मॉरिशस, मग आपलं कोची आणि पुढे मलेशियातलं पेनांग, साडेतेरा हजार किलोमीटर. मॉरिशसमध्ये ती दक्षिण किनाऱ्यावर बे दु जाकोते इथे वर येते. त्या केबलशिवाय एबेनची सायबरसिटी, म्हणजे तिथली आयटी कंपन्यांची वसाहत, उभी राहिली नसती. पुढे आणखी दोन केबल आल्या, २००९ मध्ये लायन, २०२१ मध्ये मेटिस. एक तुटली तर दुसरी, अशी सोय झाली. २००४ च्या त्या ३जीचं कौतुक करताना दोन वर्षं आधी आलेली केबल कुणी आठवत नाही, पण टॉवरला मागे पाणीपुरवठा तिनेच केला.

रॉड्रिग्जला केबल मिळाली २०१९ मध्ये. मार्स तिचं नाव, लांबी सुमारे ७०० किलोमीटर. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला, सेकंदाचे हजार भाग केले तर, त्यातले चारही लागत नाहीत.

आता तुम्ही भूगोल शिकवता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. २०१९ ची ही केबल रॉड्रिग्जची पहिली नव्हे. १९०१ मध्ये ब्रिटिशांनी आफ्रिका ते ऑस्ट्रेलिया तारेची, म्हणजे टेलिग्राफची, केबल टाकली. डर्बन, मॉरिशस, रॉड्रिग्ज, कोकोस बेटं, पर्थ. तारेचा संदेश लांबवर क्षीण होतो, मध्ये कुठेतरी तो उचलून पुन्हा पुढे पाठवायला माणसं बसवावी लागत. रॉड्रिग्ज नेमकं वाटेत होतं, म्हणून त्या चिमुकल्या बेटाला केबल मिळाली. साम्राज्याला वाटेवरचा थांबा हवा होता. पुढे तारांचा जमाना संपला, विमानं आणि उपग्रह आले, रॉड्रिग्ज कुणाच्याच वाटेत राहिलं नाही. तिथे राहणाऱ्या माणसांसाठी, केवळ ती तिथे राहतात म्हणून, केबल टाकायला एकविसाव्या शतकाची जवळजवळ दोन दशकं जावी लागली.

माझ्या मते छोट्या द्वीपराष्ट्राचं मोबाईल नेटवर्क पारखायचं असेल तर राजधानीतला वेग मोजू नये. सर्वांत लांबच्या बेटावर जावं आणि तिथल्या दवाखान्यातून क्ष-किरणांचा फोटो मोठ्या रुग्णालयात पाठवायला किती वेळ लागतो ते पाहावं. मॉरिशसने हे काम उशिरा केलं, पण केलं. आमच्या क्षेत्रात खर्च आणि ग्राहकसंख्या यांचा भागाकार करून निर्णय घेतात. त्या भागाकारात रॉड्रिग्ज कधीच बसलं नसतं. ते सरकारला ठरवावं लागतं.

एवढं प्रगत नेटवर्क असलेल्या मॉरिशसने निवडणुकीआधी सोशल मीडिया बंद केला होता ना? (एक वाचक, पुणे)

हो. १ नोव्हेंबर २०२४ ला. मतदान १० तारखेला होतं आणि बंदी ११ पर्यंत ठेवायचं ठरलं होतं. त्या आठवड्यांत राजकारणी, पत्रकार, पोलीस यांची चोरून ध्वनिमुद्रित केलेली संभाषणं ऑनलाइन बाहेर येत होती. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन आयसीटीएने सगळ्या कंपन्यांना आदेश दिला. लोक, पत्रकार, विरोधी पक्ष इतके खवळले की जेमतेम एका दिवसात तो मागे घ्यावा लागला. निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचा दारुण पराभव झाला.

तांत्रिक बाजू मला जास्त अस्वस्थ करते. छोट्या देशात तीन कंपन्या, मोजक्या केबल, एक नियामक. एका पत्राने सगळा देश बंद करता येतो. ज्या आटोपशीरपणामुळे १९८९ मध्ये एका परवान्यात देश झाकता आला, तोच आटोपशीरपणा इथे उलटतो. ज्या नियामकाकडे सगळ्या तोट्या आहेत, त्याच्यावर न्यायालयाचा आणि संसदेचा धाक हवा. हे मी फक्त मॉरिशसपुरतं म्हणत नाही.

आजोबांच्या डायरीत मॉरिशसमधल्या कास्कावेलच्या आमच्या नातेवाइकांचा मोबाईल नंबर सापडला. सात आकडी आहे, लागत नाही. काही उपाय? (एक वाचक, रत्नागिरी)

नंबर १ सप्टेंबर २०१३ पूर्वीचा असणार. त्या दिवसापासून मॉरिशसचे मोबाईल नंबर आठ आकडी झाले, जुन्या सात आकड्यांच्या आधी ५ लागला. घरचे लँडलाइन नंबर सात आकडीच आहेत. म्हणजे भारतातून ००, मग २३०, मग ५ आणि डायरीतले सात आकडे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालतं, तेव्हा सकाळी फार लवकर करू नका.